विकण्यासाठी इमारत बांधताय? घराचा प्लॅन निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे आणि नवी मुंबई)

हे पान छोट्या बिल्डरांसाठी आणि स्वतःच्या जागेवर भागीदारीत इमारत उभी करणाऱ्या जमीनमालकांसाठी आहे. उलवे-द्रोणागिरीतला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मूळ मालकाला परत दिलेला), घणसोलीच्या गावठाणाजवळची जागा, कळव्यातली किंवा घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूची जमीन असं काही हाताशी असेल, तर पुढे वाचा. चाळीस मजली टॉवरवाल्यांकडे या कामासाठी वेगळी माणसं असतात, त्यांना इथे नवीन काही मिळणार नाही.

प्लॅन निवडायला सुरुवात कुठून करायची? आर्किटेक्ट तर आधी एफएसआय विचारतो.

त्याने विचारावंच. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाच्या खिशापासून सुरुवात करा. किती बांधता येईल ते एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम चालतं तो आकडा) सांगतो, पण ते कोण विकत घेईल हे त्यातून कळत नाही.

नोकरदार कुटुंब अडतं ते बहुतेक वेळा हप्त्यावर नाही, सुरुवातीला स्वतःचे म्हणून घालायच्या पैशांवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वर गेलं तर ७५ टक्क्यांपर्यंत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात धरत नाहीत.

आता बांधकाम चालू असलेला ९० लाखांचा फ्लॅट घ्या. बँक जास्तीत जास्त ७२ लाख देईल, म्हणजे १८ लाख घरचे. महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क ६ लाख ३० हजार, ५ टक्के जीएसटी साडेचार लाख आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण २९ लाख १० हजार हातात हवेत. तोच फ्लॅट खोल्या जरा ऐसपैस करून १ कोटी १० लाखांचा केला की कर्जाची पायरी बदलते. बँक ८२ लाख ५० हजारांवर थांबते, आणि घरचे साडेसत्तावीस, शुल्क ७ लाख ७० हजार, जीएसटी साडेपाच, नोंदणी ३० हजार असे मिळून ४१ लाख लागतात. किंमत वीस लाखांनी वाढली आणि गिऱ्हाइकाने जमवायची रक्कम जवळजवळ बारा लाखांनी. जुनं वन बीएचके विकून, पीएफ काढून, आईचे दागिने मोडून जे जोडपं तीस लाख उभे करतं, ते या दुसऱ्या फ्लॅटचं ब्रोशर नुसतं चाळून ठेवून देतं. (घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती धरली तरी चित्र फारसं बदलत नाही.)

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कुठलं कुटुंब, मग त्याला झेपेल ती एकूण किंमत, त्यावरून कार्पेट (फ्लॅटच्या आतली वापरायची जागा), त्यातून खोल्यांची मापं, आणि हे सगळं एफएसआयमध्ये कसं बसवायचं ते शेवटी. उलट्या बाजूने निघालं की "एफएसआय उरलाय, बेडरूम वाढवा" असं होतं, आणि त्या वाढीव दोन फुटांनी फ्लॅट एका गटाच्या हाताबाहेर जातो आणि पुढच्या गटाला तो लहानच वाटतो.

आमच्या भागात काय खपतं हे कसं कळणार? एजंट तर सगळंच खपतं म्हणतात.

एजंटला वेगळा प्रश्न विचारा: "तुमच्याकडे वर्षभर पडून असलेले फ्लॅट कुठले?" यावर तो खरं बोलतो, कारण त्या फ्लॅटांनी त्यालाही छळलेलं असतं.

शिवाय दोन जागा फुकट बघता येतात. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर आसपासच्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे, फ्लॅटची संख्या आणि त्यातले किती बुक झाले ही माहिती असते. आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांची सूची दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) निघते. जाहिरातीतला भाव आणि दस्तातला भाव यांत किती अंतर आहे ते तिथे दिसेल. एक रविवार घालवून या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडा. कुठल्या मापाचे फ्लॅट आधी संपले आणि कुठले अजून लटकलेत, ते कागदावरच कळतं.

वन बीएचके पटापट जातात. मग सगळे तेच काढू का?

तळोज्याला किंवा उलव्याला काढलेत तर समजू शकतो. पण हिशेब नीट करा. फ्लॅट लहान असो की मोठा, त्याला एक स्वयंपाकघर, निदान एक संडास-बाथरूम, एक मुख्य दरवाजा, एक वीजमीटर लागतोच. घरात महाग बांधकाम नेमकं हेच. त्यामुळे लहान फ्लॅटचा दर चौरस फुटामागचा खर्च चढा असतो. पार्किंगची मारामारी वाढते, जिन्याला वर्दळ वाढते. आणि बरेच वन बीएचके गुंतवणूकदार घेतात. तुमचे शेवटचे चार फ्लॅट विकायचे उरलेले असतात तेव्हा तेच लोक आपले फ्लॅट बाजारात आणून भाव पाडतात.

लहान फ्लॅटच्या बाजूने एक मोठा मुद्दा मात्र आहे. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांवर जीएसटी १ टक्का आहे आणि बाकीच्यांवर ५ टक्के. महानगरांत परवडणारं म्हणजे ६० चौ. मी. पर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत, दोन्ही अटी एकदम. संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश यात महानगर म्हणून धरला जातो, त्यामुळे द्रोणागिरीलाही हीच मर्यादा. ६० चौ. मी. म्हणजे साधारण ६४६ चौ. फूट. ठाण्यात ४५ लाखांची अट आधी आडवी येते, कार्पेटची नाही. पण नवी मुंबईच्या कडेच्या नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या उपनगरात) ४६-४७ लाखांवर जाणारा वन बीएचके काढत असाल, तर थोडी जागा कमी करून ४५ च्या आत आणणं गिऱ्हाइकाला चार टक्के वाचवून देतं.

माझं मत: एका मजल्यावर दोनच मापं ठेवा. चार प्रकारचे फ्लॅट काढले की खांबांची जुळणी बिघडते, बांधकामात चुका होतात आणि विकणाऱ्या पोरालाही कुठला प्लॅन कुणाला दाखवायचा ते सुधरत नाही. आणि दोन वन बीएचके शेजारी येत असतील तर मधल्या भिंतीत दरवाजाएवढी जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधीच खांब-तुळई न येता सोडवून घ्या. सासू-सासरे शेजारी हवेत अशी जोडपी जोडी फ्लॅट शोधत येतात आणि सहसा घासाघीस करत नाहीत.

नेटवर तयार प्लॅन मिळतात, शेजारच्या इमारतीचाही चांगला आहे. तोच वापरला तर?

कल्पना घ्या, नकाशा उचलू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे आर्किटेक्टच्या नकाशावर त्याचा हक्क असतो. तो प्रश्न बाजूला ठेवला तरी शेजारचा प्लॉट रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असेल, तर त्याचा प्लॅन आरशात फिरवून बसवल्यावर बेडरूम पश्चिमेला आणि संडास हॉलच्या तोंडाशी येतात. नेटवरचे बहुतेक प्लॅन तर आपल्या पावसासाठी काढलेलेच नसतात.

कार्पेट कसं मोजायचं? कुणी लोडिंग लावतं, कुणी पी-लाइन म्हणतं.

विकताना एकच माप, रेराचं (घरखरेदीच्या कायद्यातलं). फ्लॅटच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंती यात येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्याच वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. सुपर बिल्ट-अपवर (कार्पेटमध्ये जिना-लॉबीचा वाटा मिळवून, म्हणजे लोडिंग लावून) पैसे मागायचे दिवस गेले, तरी "लोडिंग किती?" हा प्रश्न गिऱ्हाईक अजून विचारतंच.

पी-लाइन ही मंजुरीसाठीची गोष्ट आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एफएसआय इमारतीच्या बाहेरच्या कडेने, म्हणजे पी-लाइनने, मोजतात आणि बाल्कन्याही त्यात येतात. याचा प्लॅनवर थेट परिणाम होतो: बाल्कनी तुमचा एफएसआय खाते, पण कार्पेटमध्ये दिसत नाही. त्यामुळे चार फुटी शोभेची बाल्कनी टाळा. एक तर बसता येईल अशी द्या, नाहीतर स्वयंपाकघराला लागून नुसती ड्राय बाल्कनी.

करारात सांगितलेलं कार्पेट आणि प्रत्यक्षातलं यात महाराष्ट्राच्या नमुना करारानुसार ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, आणि त्याचा हिशेब शेवटी करायचा असतो. प्लास्टरची जाडी नकाशात आधीच वजा करा.

कागदावरचा प्लॅन चांगला की वाईट, हे आम्ही कसं ओळखायचं?

आर्किटेक्टला सांगा, फर्निचर खऱ्या मापात काढून दे. ब्रोशरमध्ये पलंग पाच बाय पाचचा काढतात, तसा नको. मग पेन्सिल घेऊन घरातला एक दिवस त्या नकाशावर चाला.

बेडरूमपासून सुरू करा. खोली १० बाय १० फूट. डबल बेड ६ बाय साडेसहा, कपाट दोन फूट खोल. कपाट पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं तर मध्ये दीड फूट उरतो आणि कपाटाचं दार पलंगाला अडतं. बाजूला ठेवलं तर दोन फूट उरतात, पण पलंग दुसऱ्या भिंतीला चिकटतो आणि आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्यावरून उडी मारावी लागते. खोली १० बाय ११ केली आणि दरवाजा कोपऱ्यात सरकवला तर दोन्ही प्रश्न सुटतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दोन खोल्यांच्या घरात एक खोली निदान साडेनऊ चौ. मी. आणि दुसरी साडेसात सांगितली आहे. १० बाय १० म्हणजे ९.२९, ती मोठी खोली म्हणून बसतच नाही.

पॅसेज मोजा. एक मीटर रुंद, चार मीटर लांब म्हणजे ४ चौ. मी., ४३ चौ. फूट. भाव १२,००० धरला तर गिऱ्हाइकाने पाच लाख सोळा हजार चालायच्या जागेला मोजले. थोडा पॅसेज हवाच, कारण बेडरूमचं दार थेट सोफ्यासमोर उघडलेलं कुणालाच आवडत नाही. पण चार मीटर लांब झाला तर खोल्यांची मांडणी चुकलेली आहे.

स्वयंपाकघरात ओटा दोन फूट, समोर दुसरा ओटा किंवा फ्रीज दोन-अडीच फूट. मध्ये तीन फूट तरी राहायला हवेत, म्हणजे रुंदी सात-साडेसात. फोडणीचा धूर जाईल अशी खिडकी शेगडीजवळ हवी, सिंकसमोर असून उपयोग नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ आणि खाली एक मोरी द्या. आगरी-कोळी घरांत बोंबील-मांदेली साफ करायला ती मोरीच लागते, आणि जे मासे खात नाहीत त्यांना भांडी घासायला लागते. कुणीच नको म्हणत नाही.

हॉलमध्ये एक अखंड भिंत शोधा, जिथे दार, खिडकी, टीव्ही यांतलं काही नाही. "गणपती कुठे बसवायचा?" हा प्रश्न साइटवर हमखास येतो. पाच फुटांची मोकळी भिंत दाखवता आली की बाईंचा चेहरा बदलतो. मग हळदीकुंकवाला वीस बायका बसतील का, तेही त्या स्वतःच मोजतात.

आणखी: आई-बाबा येऊन राहिले तर त्यांच्या खोलीपासून संडास किती पावलांवर आहे? बाहेरच्या दाराशी चपलांची जागा कुठे? एसीचं बाहेरचं यंत्र कुठे टांगणार, आणि तो मिस्त्री तिथे पोहोचणार कसा? सणाचे डबे, गाद्या, ख्रिसमसचं झाड, जे काही ज्याच्या घरी असेल, ते ठेवायला माळा आहे का?

वास्तूचं किती मनावर घ्यायचं?

तुमचा विश्वास असो-नसो, गिऱ्हाइकाचा असतो किंवा त्याच्या सासऱ्यांचा असतो. ईशान्येला संडास नको, स्वयंपाकघर आग्नेयेला, मोठी बेडरूम नैर्ऋत्येला आणि दार दक्षिणेला नको, एवढं सांभाळलंत तर नव्वद टक्के बोलणी तिथेच मिटतात. मजल्यावर चार फ्लॅट असले की चौघांनाही सगळं जमत नाही. निदान संडासाचं तरी चौघांना सांभाळा, त्यावरून सौदे मोडलेले सगळ्यांनी पाहिलेत.

ऊन-पावसाचा विचार प्लॅनमध्ये करावा लागतो का, की नंतर छज्जे टाकले की झालं?

आधीच करायला हवा. पाऊस इथे नैर्ऋत्येकडून, वाऱ्यासकट तिरका येतो. त्या बाजूला उघड्या बाल्कन्या आणि मोठ्या सरकत्या काचा दिल्या की पहिल्याच जुलैत सोसायटी तुमच्या दारात उभी राहते. तिथे शक्यतो जिना, डक्ट, बाथरूम टाका, आणि वास्तूसाठी मोठी बेडरूम तिकडे आलीच तर तिला मोठ्या काचा देऊ नका.

ऊन म्हटलं की लोकांना दक्षिण आठवते. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, मेच्या मध्याला सूर्य दुपारी डोक्यावर असतो. भाजते ती पश्चिमेची भिंत, दुपारी तीनपासून. मुलांची अभ्यासाची खोली तिकडे ठेवू नका. आणि खाडीच्या बाजूला खारी हवा लोखंड खाते, तिथल्या खिडक्यांना साधे ग्रिल देऊन पैसे वाचत नाहीत.

फ्लॅटपेक्षा रो हाऊस काढले तर भाव जास्त मिळेल ना?

प्रति घर मिळेल, पण जमिनीच्या हिशेबात ते क्वचितच परवडतं. साडेबारा टक्के योजनेतल्या प्लॉटना १.५ एफएसआय मिळाला. तो तीन मजल्यांच्या घरांत वापरायचा म्हटला तर घरं अरुंद होतात आणि दिवस जिन्यावर चढ-उतरण्यात जातो.

तरी निर्णय घेण्याआधी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक चक्कर मारा. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत. लहानशा चौकाभोवती घरं, प्लॉट ४५ ते ७५ चौ. मी. इतकेच, आणि शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की बरीच मूळ घरं आता ओळखू येत नाहीत. नेरूळ, ऐरोलीच्या जुन्या रो हाऊसवरही मजले चढलेत. रो हाऊस घेणारा माणूस पुढे वाढवण्यासाठीच घेतो. त्यामुळे जिना कुठून वर जाईल आणि पाया किती पेलेल, हे पहिल्या दिवशी ठरवा, आणि वाढीव बांधकामाला परवानगी लागते हे त्याला करारात लिहून द्या.

खाली पार्किंग, वर घरं. खांब नेहमी गाड्यांच्या मध्येच का येतात?

कारण प्लॅन वरून खाली काढला जातो. बेडरूमच्या कोपऱ्यातला खांब स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) बरोबर गाडीच्या दारासमोर उतरतो. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा धरा, म्हणजे दोन गाड्यांसाठी खांबांत पाच मीटर मोकळे हवेत. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या बैठकीपासून एकत्र बसवा. द्रोणागिरी-उलव्याच्या चिखलमातीत पायलिंगचा (पायासाठी जमिनीत खोल खांब उतरवण्याचा) खर्च खांबांच्या संख्येवर चढतो, म्हणून माती तपासल्याशिवाय खांबांची जागा ठरवू नका. उघडं पार्किंग विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

थोडे फ्लॅट बुक झाल्यावर प्लॅन बदलता येईल का?

मालकाच्या मर्जीने नाही. रेराच्या कलम १४ प्रमाणे त्या फ्लॅटमध्ये बदल करायचा तर तो घेणाऱ्याची संमती लागते. इमारतीच्या मांडणीत किंवा सामायिक जागेत बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, आणि एकाने पाच फ्लॅट घेतले असले तरी त्याचं मत एकच. म्हणून मी सांगतो, पहिला चेक घेण्याआधी एक महिना जास्त नकाशावर घालवा. भाव, टाइल्स, बुकिंगच्या ऑफर हे सगळं नंतर हलवता येतं. नकाशा हलत नाही.

याच कलमात ताबा दिल्यापासून पाच वर्षांतला बांधकामाचा दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारीही आहे. संडासाखाली संडास, मोरीखाली मोरी अशी उभी ओळ ठेवलीत तर गळती झाली तरी कुणाच्या पलंगावर टपकत नाही.

आमचा प्रकल्प लहान आहे. रेरा लागू होतो का?

जमीन ५०० चौ. मी. पर्यंत असेल किंवा सगळे टप्पे धरून फ्लॅट आठपर्यंत असतील, तर नोंदणी सक्तीची नाही. फक्त नोंदणी टाळायला म्हणून आठच फ्लॅट काढणारे असतात. मला तो हिशेब पटत नाही. बाजारात सात फ्लॅटांना मागणी असेल तर सात काढा, बाराला असेल तर बारा काढून नोंदणी करा.

सगळीकडे नियम सारखेच ना?

एकत्रित नियमावली ठाण्याला आणि नवी मुंबईला आहे, पण नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या) क्षेत्राला ती आली तेव्हाच वगळलं होतं आणि एमआयडीसीचे नियम वेगळे. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते, हस्तांतराला त्यांची परवानगी आणि त्रिपक्षीय करार (सिडको, देणारा आणि घेणारा यांचा) लागतो. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राष्ट्रीय उद्यानाचं संवेदनशील क्षेत्र आणि खाडीकडे सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा), या दोन्ही रेषा आधी तपासा.

खाली दुकानं काढावीत का?

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर १५ टक्के व्यापारी वापर योजनेतच दिला आहे. प्लॉट चालत्या रस्त्यावर असेल तरच काढा. गल्लीतली दुकानं वर्षानुवर्षं शटर ओढून राहतात, आणि वरच्या फ्लॅटवाल्यांना बंद शटरही आवडत नाही, खाली वडापावची गाडी लागलेलीही नाही.

आर्किटेक्टकडे पहिल्या बैठकीला काय घेऊन जायचं?

सातबारा किंवा सिडकोचं वाटपपत्र, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, माती परीक्षणाचा अहवाल, महारेरावरून काढलेले आसपासच्या चार-पाच प्रकल्पांचे नकाशे आणि गिऱ्हाइकाच्या पैशांचा वरचा हिशेब, तुमच्या भागातल्या भावाने पुन्हा मांडलेला. घरातल्या कुणा बाईला सोबत न्या, स्वयंपाकघराबद्दल ती जे बोलेल ते लिहून घ्या. इलेव्हेशनची (इमारतीच्या दर्शनी बाजूची) चित्रं त्या दिवशी बघू नका.